चंद्रकोर

पाकळ्या गळून चौथा दिवस.
वूस्टरमध्ये मे महिना पहाटे सहाला थंडच असतो,
गवतातून चार पावलं गेलं की चपला ओल्या.
कुंपणापलीकडे आर्व्हिला होस्टेटलर
कॉफीचा मग खांबावर ठेवून म्हणते,
"ऊन चढायच्या आत. मग ते उडतात."

मी झाडाखाली चादर अंथरते.
डबलबेडची, पांढरी,
एका कोपऱ्यात विश्रामनं सांडलेल्या आमटीचा
तीन धुण्यांत न गेलेला पिवळा डाग.
आर्व्हिलाकडे रबर चढवलेली काठी,
माझ्याकडे टॉवेल गुंडाळलेलं लाटणं.
फांदीवर तीन ठोके, पोळीला देतो त्याहून जोरात.

टप. टपटप.
तांदूळ निवडायला बसावं तशी मी चादरीवर वाकते.
आणि हे तेच की!
सोंडेच. गव्हाएवढे, करडे, पाठीवर खरबरीत,
डब्यातल्या सोंड्यांचे रानातले थोरले भाऊ.
पाय पोटाशी घेऊन पडलेत.
फुंकर मारा, काडीनं उलटे करा,
मेलेले.
"मोज," आर्व्हिला म्हणते.
एकशे चाळीसला एकाचा पाय हलतो.

सोंग घेतलेल्याला उठवता येत नाही म्हणतात.
मला कुठे उठवायचं होतं?
बादलीत साबणाचं पाणी तयार होतं.

पहिल्या वर्षी आम्ही असे नव्हतो.
विश्रामनं दुकानातून पंप आणला होता,
झाड फुलांनी पांढरं असतानाच फवारायला निघाला.
ऐंशीची बाई कुंपणाला वळसा घालून आली,
पंपाच्या तोंडावर तळहात ठेवला.
"मधमाश्या," एवढंच म्हणाली.
पंप अजून गॅरेजमध्ये आहे, भरलेला.
त्याचं काय करायचं ते आम्हाला ठरवता आलेलं नाही.

चादरीतून सुटलेलीनं काय केलं
ते आठवड्यानं कळतं.
बोराएवढ्या फळावर
नखानं कोरावी तशी चंद्रकोर,
आणि कोरीच्या पोटात एक अंडं.
माझी आई अशीच कोरायची,
काडेपेटीच्या काडीनं, आरशासमोर श्वास धरून,
मधेच कोणी हाक मारलेली खपायची नाही.
हे मी आर्व्हिलाला सांगितलं.
"आमच्यात कपाळावर काही नसतं," ती म्हणाली
आणि चादर झटकली.

जूनमध्ये मोजे.
चपलांच्या दुकानात पायात घालून बघायला देतात ना,
तसले नायलॉनचे, खोकंभर.
एका डहाळीला एक फळ ठेवायचं, बाकीची खुडायची,
(ते माझ्याच्यानं होत नाही, मृण्मयी करते)
उरलेल्याला मोजा चढवून देठाशी गाठ.
"एकशे बावन्न!" शिडीवरून मृण्मयी ओरडते.
टपालवाला थांबून बघतो.
"थंडी वाजते त्यांना," ती त्याला गंभीरपणे सांगते.

गळलेली फळं रोज संध्याकाळी वेचायची,
आतली अळी मातीत उतरण्याआधी.
विश्राम चाळणी घेऊन फिरतो,
ऑफिसचे फोन त्याच वेळी घेतो.
शिडी पुरत नाही तिथली सोडून दिली.
ती मोजणीत नाहीत.

सप्टेंबरात आर्व्हिलाचा खुबा बदलला.
मी पिशवी घेऊन गेले, ती खिडकीशी बसली होती.
तिनं नेमकं डागाचं फळ उचललं,
मोज्यात जाण्याआधीच कोरलेलं,
कोर आता बुचासारखी तपकिरी, पसरट झालेली.
सुरी फिरवली.
आत पांढरं, कुठेही वाट नाही.

"आणि अळी?"

"फळ भराभर वाढलं.
अंडं आतल्या आत चेपलं."
तिनं फोड खाल्ली, सालासकट, सावकाश.
मग सुरी ठेवून विचारलं,
"तुझी आई. नेमकं कुठे काढायची ते?"

माझं बोट रसानं चिकट होतं.
तसंच टेकवून दाखवलं.